गोळी तीच, भाव वेगळा

महोदय,

यजमानांना चौदा वर्षांपासून मधुमेह आहे. त्यांची एम्पाग्लिफ्लोझिनची गोळी साठ रुपयांना एक पडायची. महिन्याचे अठराशे नुसते तिचेच. मार्च २०२५ मध्ये तिचं पेटंट संपलं, देशी कंपन्यांच्या गोळ्या आल्या. आम्हाला हे कळलं दिवाळीत, तेही गोखले रोडवर रिक्षाच्या रांगेत, पुढच्या बाईंकडून! नेहमीच्या दुकानदाराला विचारलं, तर म्हणाला, “चिठ्ठीत लिहिलंय तेच देणार ना, काकू.” नियमाने त्याचंही बरोबर, परस्पर ब्रँड बदलता येत नाही त्याला. मग डॉक्टरांकडे गेले. दोन मिनिटांत त्यांनी दुसरं नाव लिहून दिलं, वर “आधी का नाही विचारलंत?” आम्ही विचारायचं?

आता गोळी अकरा रुपयांना मिळते. दोन्ही पाकिटं भिंगाखाली धरून पाहिली: औषध तेच, दहा मिलिग्रॅमही तेच. तीन महिन्यांनी एचबीए१सी (सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) केली, फरक नाही.

डॉक्टरांनी ब्रँडचं नाही, औषधाचं मूळ (जेनेरिक) नावच लिहावं, हा नियम ऑगस्ट २०२३ मध्ये आला आणि त्याच महिन्यात स्थगितही झाला. ती स्थगिती उठवा.

– एक गृहिणी, नौपाडा, ठाणे