सीडी लायब्ररीवाल्या दादांना, एका हाकेसाठी

दादा,

डोंबिवली पूर्वेची तुमची लायब्ररी बंद होऊन बरीच वर्षं झाली. तुमचा नंबर मी कधी घेतलाच नाही, म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहितोय.

२०१२ साली बाबा गेले. रात्री झोप लागायची नाही. ऑफिसातून येताना रोज तुमच्याकडून एक मारधाडीचा सिनेमा न्यायचो, कुठलाही. तुम्ही कधी काही विचारलं नाहीत. एका संध्याकाळी मात्र मी काउंटरवर ठेवलेली डीव्हीडी बाजूला सारलीत आणि दुसरीच पुढे केलीत. "हा ने. कोरियन आहे. डब केलेला शोधू नकोस. सबटायटल वाच, आणि ती पोरगी त्याला हाक मारते ती नीट ऐक."

तो 'द मॅन फ्रॉम नोव्हेअर' होता. दिग्दर्शक ली जोंग-बोम, साल २०१०. कोरियन नाव 'अजोशी', म्हणजे आपण रिक्षावाल्याला, वॉचमनला, शेजारच्यांना म्हणतो तसं 'काका'. गजाआड बसून गहाणवटीचं दुकान चालवणारा, कुणाशी न बोलणारा एक माणूस, आणि शेजारी राहणारी, आईचं लक्ष नसलेली सो-मी. तिच्या आईने अमली पदार्थांच्या टोळीचा माल पळवलेला असतो. टोळी मायलेकींना उचलून नेते आणि हा गजाआडून बाहेर पडतो.

मारामारी तर अशी, की मी दोनदा मागे नेऊन बघितली. तो धावत जाऊन खिडकीची काच फोडून खाली उडी मारतो आणि कॅमेराही कट न घेता त्याच्या मागोमाग खाली येतो! शेवटची चाकूची झटापट तर इतक्या जवळून घेतलीय की आपलेच हात आखडतात. रक्त भरपूर आहे, मुलांना वापरून घेणारी माणसं आहेत. घरातल्या लहानांना घेऊन बघायचा हा सिनेमा नाही. बाकी सगळ्यांनी बघावाच.

पण दादा, मला धरून ठेवलं ते एका साध्या प्रसंगाने. सो-मीवर चोरीचा आळ येतो. पोलीस आईबाबांना बोलाव म्हणतात, तेव्हा ती रस्त्यावरून जाणाऱ्या त्याच्याकडे बोट दाखवते. तो बघतो आणि निघून जातो. नंतर ती त्याला सांगते की तरीही तुमचा राग करणार नाही, कारण तुमचाही राग केला तर मला आवडणारं कुणीच उरणार नाही. आणि ती हाक, 'अजोशी'. बाबा गेल्यावर मी पहिल्यांदा रडलो तो तेव्हा, पहाटे दोनच्या सुमारास, हेडफोन लावून. आई आतल्या खोलीत जागीच होती. मी उठून तिच्यापाशी जाऊन बसलो. त्याआधी कित्येक दिवस आम्ही धड बोललोही नव्हतो.

पुढे २०१६ मध्ये आपल्या निशिकांत कामतांनी याच सिनेमाची गोव्यातली गोष्ट करून हिंदीत 'रॉकी हँडसम' काढला. 'डोंबिवली फास्ट'वाले कामत, म्हणून पहिल्याच आठवड्यात गेलो. मेहनत दिसत होती. पण तिथे ती पोर त्याला 'हँडसम' म्हणते, आणि मला 'काका' ऐकायचं होतं. तुम्ही मूळच ऐकायला का लावलंत, ते त्या दिवशी पुरतं कळलं.

मूळ कोरियन सिनेमात नायक झालेल्या वॉन बिनने त्या सिनेमानंतर एकही सिनेमा केला नाही. आणि सो-मी झालेली किम से-रॉन १६ फेब्रुवारी २०२५ रोजी गेली, अवघ्या चोविसाव्या वर्षी. बातमी वाचली आणि आधी तुमचं दुकान डोळ्यांसमोर आलं. तेव्हाच ठरवलं, आभार मानायचे आता आणखी लांबवायचे नाहीत.

डीव्हीडी परत द्यायला आलो तेव्हा तुम्ही माझ्याकडे नुसतं बघितलंत आणि म्हणालात, "राहू दे तुझ्याकडे." पैसेही घेतले नाहीत. अजून आहे ती. कव्हरवर निळ्या पेनाने तुम्ही घातलेला नंबर थोडा पुसट झालाय, पण वाचता येतो.

मनापासून आभार, दादा.

तुमचा,
रोज साडेसातच्या लोकलने येणारा