गोडाऊन भरलंय की नुसती जमीन?

संपादक महोदय,

भिवंडीत एका गोडाऊनवर मी स्टोअरला आहे. मालक रोज म्हणतात जागा कमी पडतेय, शेजारचा गाळा भाड्याने घेऊ. आता खरं सांगतो, आमच्याकडे माल जमिनीवर तीन थर लावलेला असतो आणि वर पत्र्यापर्यंत वीस फूट नुसती हवा, तिचंही भाडं आपण भरतोच की! रॅक लावा म्हटलं तर खर्च दिसतो, भाडं कुणाला दिसत नाही.

पूर्वी मुंबईची जकात वाचवायला माल इथे उतरायचा, 2017 ला जीएसटी आला नि जकात गेली, तरी माल ठेवायची सवय तीच. रोज लागणारे खोके सगळ्यात मागे आणि दोन वर्षं न हललेला माल दारात, त्यामुळे एका खोक्यासाठी हमाल दहा खोके हलवतो, दुपारी पत्रा तापला की बघवत नाही. मागच्या आठवड्यात असंच करताना तळातला खोका दबून फुटला.

ऑफिसची तर गंमतच. जीएसटीचे कागद वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून 72 महिने ठेवायचे असतात, कॉम्प्युटरवर ठेवले तरी चालतात, आणि आमच्या कपाटात 2009 ची चलनं! बंद प्रिंटर दोन, मोडक्या खुर्च्या चार, आणि मी बिलं बनवतो जिन्याखाली.

मालकांकडे तुमचाच पेपर येतो, म्हणून इथे लिहिलं. नाव छापू नका प्लीज.

– एक स्टोअरकीपर, भिवंडी