गोडे पाणी कॅनमध्ये, क्षार नालीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळा आला की खारपाणपट्ट्यातल्या, म्हणजे जमिनीतले पाणीच खारे असलेल्या गावांत आरओची (खारे पाणी गोडे करणाऱ्या यंत्रांची) पाणीकेंद्रे सुरू झाल्याच्या बातम्या येऊ लागतात. माझा या केंद्रांना विरोध नाही. विदर्भातल्या पूर्णा नदीच्या खोऱ्यातल्या विहिरीचे पाणी ज्याने रोज प्यायले आहे, तो विरोध करणारही नाही. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, चहासुद्धा मचूळ लागतो. पण काढलेल्या क्षारांचे पुढे काय होते, हे कोणत्याच बातमीत नसते.

मी शाळेत विज्ञान शिकवले. पाणी उकळून प्यावे म्हणजे खारेपणा जातो, असे आजही पुष्कळ जण मानतात. उकळल्याने जंतू मरतात, क्षार मात्र भांड्यातच राहतात. उलट वाफ गेल्याने उरलेले पाणी जास्तच खारट होते. तुरटीने गाळ खाली बसतो, विरघळलेले मीठ बसत नाही. वाफ धरून थंड केली तर गोडे पाणी मिळते, पण एक लिटर पाण्याची वाफ करायला साधारण पाऊण युनिट वीज लागते. म्हणून आरओ. दाब देऊन पाणी पडद्यातून पलीकडे ढकलायचे आणि क्षार अलीकडे ठेवायचे.

आता हिशेब पाहा. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत विरघळलेले क्षार असावेत, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालतील, असे भारतीय मानक सांगते. लिटरला २ ग्रॅम क्षार असलेले हजार लिटर पाणी रोज यंत्रात गेले आणि निम्मे गोडे होऊन निघाले, तर उरलेल्या ५०० लिटरमध्ये जवळपास दोन किलो क्षार असतात. वर्षाला सात क्विंटल! आमच्या गावी हे पाणी केंद्रामागच्या नालीत सोडतात आणि ते तिथेच मुरते. शंभर पावलांवर हातपंप आहे. कोकणातला मिठागरवाला पाणी उडवून मीठ ठेवतो. आपल्याला पाणी हवे आणि मीठ नको, पण ते ठेवायला जागाच केलेली नाही.

दिवसाला ५ मिलिमीटर बाष्पीभवन धरले, तर रोजच्या या ५०० लिटर खाऱ्या पाण्याची वाफ व्हायला एक-दीड गुंठा उथळ हौद पुरेल. तळाला शेततळ्याचे प्लास्टिक आणि पावसाळ्यापुरते वर छप्पर. केंद्राच्या अंदाजपत्रकातच हा खर्च धरावा, आणि हौद नसेल तर देयक काढू नये.

दुसरे, सूर्य दरवर्षी फुकटात क्षार वेगळे करून आपल्या छतावर गोडे पाणी ओततो, त्याचेही मोजमाप व्हावे. शंभर चौरस मीटर छतावर ७०० मिलिमीटर पाऊस म्हणजे ७० हजार लिटर. पाच माणसांच्या घराला पिण्या-स्वयंपाकाला रोज ४० लिटर धरले, तर कोरड्या आठ महिन्यांना ९,६०० लिटर पुरतात. दहा हजार लिटरची बंद टाकी, पहिल्या सरीचे पाणी बाहेर सोडणारा नळ आणि थोडे क्लोरीन, एवढ्यावर काम भागते. निदान जिल्हा परिषदेच्या शाळांच्या छतांपासून तरी येत्या मृगाआधी सुरुवात व्हावी.

– एक निवृत्त विज्ञान शिक्षक, ता. दर्यापूर, जि. अमरावती