पियानोच्या लाकूडकामाचा भाव कसा लावावा

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. ग्रँड पियानोची लायर, म्हणजे पेडल ज्यात बसतात ती खाली लटकणारी चौकट, तुटून तुझ्याकडे आली आहे. मालक म्हणतो, एक खांब खरादून बसवायचा, त्याला कितीसे पैसे? आणि तू भावावर अडला आहेस. फर्निचरचा दर लावलास तर पदरचे घालशील. भीतीपोटी आकडा फुगवलास तर तो त्या माणसावर अन्याय होईल. म्हणून नीट हिशेबच मांडू.

आधी तासाचा दर. वर्षाचे ४८ आठवडे, आठवड्याला ४० तास, म्हणजे १९२० तास तू वर्कशॉपमध्ये असतोस. त्यातले बिलात येणारे किती? पटाशा-रंध्यांना धार लावणं, लाकूड निवडायला जाणं, फोनवर बोलणं, झाडलोट, कोटेशन लिहिणं हे वजा केलंस तर ११०० उरले तरी बरे समज. भाडं, वीज, हत्यारांची झीज, विमा आणि तुझं स्वतःचं वेतन यांच्या बेरजेला ११०० ने भागायचं, १९२० ने नाही. या एका भागाकारात दर पावणेदोन पट बदलतो. मेहनत करूनही हातात काही उरत नाही अशी तक्रार करणाऱ्या बहुतेक कारागिरांचा भागाकार इथेच चुकलेला असतो.

आता लायर. खांब खरादणं हे या कामातलं सगळ्यात सोपं काम. माझा अंदाज असा: मापं, फर्मा आणि लाकूड निवडणं दीड तास, सांधे सोडवून जुना सरस काढणं दोन तास, खराद आणि सांध्याची खाच तीन तास, चिकटवून काटकोनात आणणं दीड तास, मागच्या तिरक्या टेकूदांड्या बसवणं दीड तास, रंगाचे नमुने दोन तास, पॉलिशचे हात तीन तास, पियानोला जोडून पेडल जुळवणं दोन तास. बेरीज साडेसोळा. मालकाच्या डोळ्यांसमोर यातले फक्त तीन तास आहेत. कोटेशनमध्ये ही फोड लिहून दे, मग घासाघीस बरीचशी आपोआप थांबते.

टेकूदांड्या मुद्दाम वेगळ्या धरल्या आहेत. पाय पेडल खाली दाबतो तसा लायरला मागेही रेटतो, आणि तो रेटा झेलतात या दांड्याच. पियानो हलवताना त्या हरवतात, कुणी परत लावत नाही, मग सगळा ताण वरच्या चिकट सांध्यावर येतो आणि तो सुटतो. दांड्या न लावता नुसता खांब बदललास तर लायर पुन्हा तुटणार आणि दोष तुझ्या कामाला लागणार. त्यामुळे दांड्या ही ऐच्छिक बाब म्हणून लिहू नकोस. त्या नको असतील तर काम घेऊ नकोस.

सांधे उघडल्याशिवाय पक्का आकडा देऊ नकोस हेही आलंच. आत मूळचा सरस असेल तर ऊब आणि ओलावा देऊन तो मऊ पडतो, लाकूड शाबूत राहतं. पण आधी कुणी इपॉक्सी किंवा पांढरा गोंद ओतला असेल, तर ताजं लाकूड लागेपर्यंत तासावं लागतं, मग सांधा ढिला होतो आणि पातळ चिप्पी लावून पुन्हा भरावा लागतो. दोन तासांचे सहा होतात. हे बाहेरून दिसत नाही. म्हणून भाव दोन टप्प्यांत सांग: उघडून तपासण्याची ठरावीक फी आधी, आणि त्यानंतर कामाचा पक्का आकडा. मालकाने काम नाही म्हटलं तरी तपासणीची फी तुझीच. पुढे काम दिलं तर ती अंतिम रकमेत वळती करायची की नाही, ते पहिल्याच दिवशी लिहून ठेव.

सगळ्यात जास्त पैसे बुडतात ते रंग जुळवण्यात. आधी मूळ पॉलिश ओळख. झाकणाच्या आतल्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा लाव. विरघळलं तर लाखेचं पॉलिश. स्पिरिटला दाद देत नाही पण थिनरला मऊ पडतं, तर बहुधा नायट्रोसेल्युलोज लॅकर. दोन्हींना हलत नसेल आणि थर काचेसारखा जाड दिसत असेल, तर पॉलिएस्टर. लाखेवर नवा हात जुन्यात मिसळतो, त्यामुळे मोठा डागही आटोक्यात येतो. पॉलिएस्टरचा नखाएवढा टवका मात्र भरायचा, कडक होऊ द्यायचा, समतल घासायचा, १०००-२००० नंबरच्या पेपरपर्यंत जायचं आणि बफ करायचं. हे छोटं काम लाखेच्या मोठ्या कामापेक्षा महाग पडू शकतं, आणि तसं सांगायला संकोच करायचं कारण नाही. काळ्या चकचकीत पियानोबद्दल लोकांना वाटतं की काळ्यावर काळं, त्यात काय अवघड? पण त्या चकाकीत रंध्याची हलकीशी लाटही दिसते. नमुने किमान तीन कर, त्याच लाकडावर, आणि पियानो ज्या खोलीत उभा असेल तिथल्या उजेडात मालकाला दाखवून पसंतीची सही घे. चौथा नमुना हवा असेल तर त्याचे तास वेगळे. वाळण्याचा वेळ मजुरीत धरू नकोस, पण देण्याच्या तारखेत धर.

व्हिनियरचं, म्हणजे वर चिकटवलेल्या पातळ लाकडी पापुद्र्याचं, काम आलं तर जाडी आधी मोज. जुन्या पियानोंवरचं व्हिनियर बरेचदा एक मिलिमीटरच्या आसपास असतं, आज बाजारात मिळतं ते अर्ध्या मिलिमीटरचं. नुसता तुकडा लावलास तर ठिगळ खोलगट बसतं आणि ते वर आणायला आजूबाजूचं घासावं लागतं, तिथेच जुनं पॉलिश जातं. दोन थर लावणं किंवा स्वतः जाड चीर काढणं, दोन्हीला वेळ लागतो. रेषा जुळवायला लागेल त्याच्या दुप्पट माल धर. भरीव लाकडात तिसरा हिस्सा घट जाते. ब्राझिलियन रोझवूडचंच ठिगळ हवं असा हट्ट आला तर सांभाळ: ते लाकूड १९९२ पासून साइट्सच्या (धोक्यातल्या वन्य जातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) पहिल्या, म्हणजे सगळ्यात कडक, परिशिष्टात आहे. कायदेशीर कागद नसलेला तुकडा कितीही देखणा असला तरी घेऊ नकोस, दुसरं लाकूड रंगवून जुळव.

झाकणाच्या लांब बिजागरीचे स्क्रू नुसते फिरतात, ही नेहमीची तक्रार. भोकात गोल दांडी ठोकून मोकळं व्हायचा मोह होतो, पण तिच्या टोकाकडून गेलेला स्क्रू रेषांच्या दिशेने शिरतो आणि तिथे पकड कमी. रेषा आडवी येईल अशी बुचं कापून बसव. काम किरकोळ, पण झाकण उतरवायला दोन माणसं लागतात. दुसऱ्या माणसाचे तास बिलात यायलाच हवेत.

पिनब्लॉक (तारा ताणणाऱ्या पिना ज्यात घट्ट बसतात तो लाकडी ठोकळा) किंवा ब्रिजची टोपी (तारा ज्यावर टेकतात त्या लाकडी पट्टीचा वरचा थर) बदलायचं विचारतील तर तो हिशेब वेगळा. तारांचा एकूण ताण १६ ते २० टनांच्या घरात असतो. पिनब्लॉक लोखंडी प्लेटच्या कडेला सलग टेकायला हवा, आणि तो घासून घासून बसवण्यातच खरे तास जातात. सव्वादोनशेच्या आसपास भोकं पाडताना ड्रिल तापलं तर भिंती गुळगुळीत होतात, पिना झटक्याने सरकतात आणि सूर लावणारा हैराण होतो. त्याच ब्लॉकच्या उरलेल्या तुकड्यावर आधी भोकं पाडून बघण्याचा वेळ भावात धर. ब्रिजची जुनी टोपी काढण्यापूर्वी पिनांचा ठसा कागदावर घे आणि ठिकठिकाणी उंची मोज, कारण पिनांची ओळ सरकली की तारांची लांबी बदलते. अशा कामात तासांच्या वर १५-२० टक्के जोखमीचे धर. वर्षभराने काही सैल झालं तर परत जाण्याचा खर्च त्यातूनच निघतो.

आकडा पियानोच्या किमतीच्या वर जात असेल तर मालकाला स्पष्ट सांग. घरातली आठवण म्हणून तो करायला तयार असेल तर आनंदाने कर, पण निर्णय त्याने कळून-सवरून घेतलेला असावा.

काम ट्यूनरमार्फत, म्हणजे सूर लावणाऱ्यामार्फत, आलं असेल तर सवलत कशासाठी ते पाहा. तो लायर सोडवून आणणार, परत बसवणार, पेडल जुळवणार आणि मालकाशी बोलणार असेल, तर तुझे तीन-साडेतीन तास वाचतात. तेवढी सूट त्याला द्यावी, त्याचा तो हक्कच आहे. नुसतं नाव सुचवलं म्हणून टक्का मागत असेल तर तो मालकाच्या बिलात गुपचूप चढवू नकोस. ट्यूनिंग, पेडल जुळवणी आणि वाहतूक कोणाकडे, हे कोटेशनच्या पहिल्याच पानावर येऊ दे. विसार म्हणून मालाची पूर्ण किंमत आणि मजुरीचा तिसरा हिस्सा घे. काढलेले जुने भाग पिशवीत घालून मालकाला परत कर, ते त्याचे आहेत.

तुझा स्नेही