मित्सुओकाची थट्टा पुरे, वरातीच्या गाड्या तपासा

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत जपानच्या मित्सुओका कंपनीच्या गाड्यांचं रंगीत पान आलं होतं. आजची गाडी घ्यायची आणि तिला साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या गाडीचं तोंड बसवायचं, हा त्या कंपनीचा धंदा. पान थट्टेच्या सुरात होतं, त्याबद्दल तक्रार नाही. त्यांची 'ओरोची' पाहून मलाही हसू आवरलं नाही. जपानी पुराणातल्या आठ डोक्यांच्या सापाचं नाव दिलेली ही गाडी २००६ ते २०१४ या काळात विकली गेली, आणि तिचं तोंड बघून लहान मूल रडेल. पण त्याच पानाच्या तळाला आपल्याकडच्या वरातीतल्या 'व्हिंटेज' गाडीचा फोटो टाकून दोन्ही एकाच माळेचे मणी ठरवले, ते मला पटलं नाही. मी एसटीच्या दापोडी कार्यशाळेत पत्राकाम करून निवृत्त झालो आहे. उघडी चेसिस, म्हणजे चाकं-इंजिनासह नुसता खालचा सांगाडा, यायची आणि आमच्या हातून बस होऊन बाहेर पडायची. त्यामुळे एकाच्या चेसिसवर दुसऱ्याने बॉडी चढवणं म्हणजे काय, हे मला थोडंफार कळतं.

मित्सुओका तोयामा शहरातली. सुसुमू मित्सुओका यांनी ती १९६८ साली सुरू केली, तेव्हा काम होतं गाड्यांच्या दुरुस्तीचं आणि जुन्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीचं. १९८२ मध्ये त्यांनी ५० सीसीची चिमुकली गाडी 'बुबू' काढली. पुढे परवान्याचे नियम बदलले आणि ती बसली. मग फोक्सवॅगन बीटलच्या सांगाड्यावर जुन्या मर्सिडीजचं रूप चढवून पाहिलं. १९९६ साली त्यांच्या 'झिरो वन' या गाडीला सरकारी मान्यता मिळाली आणि ही कंपनी जपानची दहावी मोटार उत्पादक ठरली. होंडा, टोयोटा ज्या यादीत बसतात त्या यादीत पत्रा ठोकणाऱ्यांचा कारखाना जाऊन बसला. माझ्यासारख्याला याचं अप्रूप वाटणारच. आणि हे खूळ एकट्या जपानचं नाही. अमेरिकेत गाड्यांचे डिझायनर ब्रुक्स स्टीव्हन्स यांनी १९६४ मध्येच स्टुडबेकर कंपनीच्या चेसिसवर मर्सिडीज एसएसकेसारखी दिसणारी 'एक्सकॅलिबर' उभी केली होती. खुद्द निस्साननेही १९९१ मध्ये आपल्या 'मार्च' या साध्या छोट्या गाडीवर जुन्या वळणाची 'फिगारो' बेतली. मागणी एवढी आली की सोडत काढून गाड्या द्याव्या लागल्या.

मुलगा नोकरीनिमित्त नागोयाला असतो. त्याच्याकडे गेलो असताना एका दुकानाच्या पार्किंगमध्ये मित्सुओकाची 'व्ह्यूट' उभी दिसली. उभी क्रोमची जाळी, मोठे गोल दिवे, फुगीर मडगार्ड. समोरून थेट १९५९ ची जॅग्वार मार्क टू. बाजूला गेलो तर दरवाजे, काचा, टप सगळं निस्सान मार्चचं. मालकीणबाई सत्तरीच्या असतील. मुलाने माझी ओळख करून दिली, तर त्यांनी हसत बोनेटच उघडून दाखवलं. मी आधी सवयीने बोनेट आणि मडगार्डच्या मधल्या फटीत बोट घातलं. काचेपासून दिव्यापर्यंत फट एकसारखी. नंतर पुढच्या खांबाच्या मुळाशी बघितलं, जिथे उसना पत्रा मूळ बॉडीला भेटतो. लांबी (पुटी) भरून लपवलेलं काही नाही, वेल्डिंगच्या फोडी नाहीत. आमचे चार्जमन, म्हणजे कामावर देखरेख करणारे साहेब, हीच जागा आधी बघायचे आणि मगच बसवर सही करायचे. (जॅग्वार २००८ पासून टाटांची आहे आणि दापोडीत आमच्या हाताखालून गेलेल्या बऱ्याचशा चेसिस टाटांच्या, हे मुलाला सांगितलं. त्याला काही त्याची गंमत वाटली नाही.)

या कामातली खरी अक्कल काय बदललं यात नाही, कशाला हात लावला नाही यात आहे. बसची ताकद खालच्या चेसिसमध्ये असते, वरचा पिंजरा आपण उभा करतो. आजच्या मोटारीला तशी वेगळी चेसिस नसते. खांब, टप, तळ, दारांच्या चौकटी मिळून सगळा सांगाडा ताकद धरतो. म्हणून व्ह्यूटमध्ये मधली खोली जशीच्या तशी ठेवून फक्त पुढचं आणि मागचं अंग बदललं आहे. टोयोटा रॅव्ह-फोरवर केलेली त्यांची 'बडी' आणि होंडा सिव्हिकवर केलेली 'एम-५५' याच वाटेने गेलेल्या आहेत. अपवाद १९९० च्या 'ले-सेद'चा. निस्सान सिल्वियाचं नाक एवढं लांबवलं की आत बसलेला माणूस मागच्या गल्लीत राहतो की काय असं वाटावं. तशा ५०० गाड्या केल्या. मला ती गाडी दिसायला बिलकूल आवडत नाही, पण ती कारखान्यात मोजमापाने लांबवलेली आहे, हा फरक विसरू नये.

आता वरातीच्या गाडीकडे येऊ. भाच्याच्या लग्नात असली एक गाडी आली होती. पितळी भोंगा, मखमली गादी, मडगार्डवर स्टेपनीचं गोल झाकण. झाकणावर टिचकी मारली तर आत स्टेपनीच नाही. खालून वाकून पाहिलं. कुठल्याशा जुन्या व्हॅनचा टप आणि खांब कापून टाकलेले, त्या जागी लोखंडी अँगल ठिकठिकाणी नुसते टाके मारून जोडलेले. पायरीवर पाय ठेवला तर ती दबली. ब्रेक दाबायला सांगितला, मागचा दिवा लागला नाही. ड्रायव्हर म्हणाला, "काका, वरातीत कोण ब्रेक मारतंय?" मागे जनरेटरची हातगाडी, पुढे नाचणारी पोरं, गाडीत नवरा-नवरी आणि मांडीवर करवली. मित्सुओकाच्या शेजारी फोटो छापायचा असेल तर या गाडीच्या पोटाखालचा छापा.

कायदा याला परवानगी देत नाही, हे खरं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. बरं, अस्सल जुनी गाडी वरातीला आणावी म्हटलं तर २०२१ चे व्हिंटेज वाहनांचे नियम आडवे येतात. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाडीला 'व्हीए' अक्षरांचा नंबर मिळतो, पण ती धंद्यासाठी रस्त्यावर आणता येत नाही. म्हणजे अस्सल गाडी भाड्याने द्यायची नाही आणि नकली बनवायची नाही. तरीही लग्नसराईत दर शनिवार-रविवारी मंगल कार्यालयांच्या दारात या गाड्या उभ्या असतात. ट्रॅफिक हवालदार त्यांना वाट करून देतात.

बसच्या बाबतीत आपण ही गाठ सोडवलेली आहे. चेसिस एकाची, बॉडी दुसऱ्याची, हे तिथे कायदेशीर आहे. त्यासाठी एआयएस-०५२ हा बस बॉडी कोड आहे, त्यात दारं, आपत्कालीन मार्ग, आसनं यांची मापं दिलेली आहेत आणि नमुना मान्य करून घ्यावा लागतो. मोटारींसाठीही मोजक्या संख्येने बॉडी बांधणाऱ्यांचा वेगळा वर्ग का करू नये? खांब, टप आणि तळ यांना हात लावायचा नाही, बाकीच्या अंगाचा नमुना इथे पुण्यातच एआरएआय या वाहन तपासणाऱ्या संस्थेकडे तपासून घ्यायचा. महाराष्ट्रात पत्र्याला वळण देणारे हात भरपूर आहेत. आज ते चोरून काम करतात, त्यामुळे चुकीच्या जागी करवत चालवतात आणि वर लांबी भरतात.

हे व्हायला वेळ लागेल याची कल्पना आहे. तोवर निदान वरातीच्या गाड्यांचं काही बघा. आरटीओने तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होण्याआधी त्या एकदा बोलावून घ्याव्यात. ज्यांचे खांब कापलेले आहेत त्या बाद कराव्यात. उरलेल्यांचे ब्रेक, वायरिंग आणि पायऱ्या तपासून फक्त मिरवणुकीपुरता, ताशी २० किलोमीटरच्या आतला परवाना द्यावा. एवढं झालं की पुढे तोंड रोल्स रॉइसचं लावा नाहीतर मोराचं, माझी हरकत नाही.

आपला,
एक निवृत्त एसटी कामगार
पिंपळे गुरव, पुणे