कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या काकूंना, ओव्हरटाइमच्या हिशेबाबद्दल

प्रिय काकू,
सा. न. वि. वि.

पत्र सगळ्यांसमोर लिहितेय, पण तुमचं नाव घालत नाही, कारण तुम्हाला ते आवडणार नाही. आपल्या बिल्डिंगमधल्यांना कळेलच.

त्या संध्याकाळी जिन्यात तुम्ही विचारलंत, "इतकी दमलीस का गं?" मी म्हटलं, रोजचे दहा तास, आठवड्यातून चार दिवस. ओव्हरटाइम नाही, कारण चाळीसच्या वर जात नाही. तुम्ही भाजीची पिशवी पायरीवर ठेवलीत आणि विचारलंत, "मतदान झालं होतं का?"

मला काही कळेना. मिठाई-फरसाणाच्या दुकानात, मागच्या स्वयंपाकघरात तासावर काम करणारी मी. कसलं मतदान?

मग तुमच्या डायनिंग टेबलावर बसून तुम्ही सगळं समजावलंत. कॅलिफोर्नियात ओव्हरटाइम दिवसावर मोजतात. आठ तासांच्या पुढचा प्रत्येक तास दीडपट आणि बारा तासांच्या पुढचा दुप्पट. आठवड्याचे चाळीस हा हिशेब वेगळा, तोही लागतोच. दहा-दहा तासांचे चार दिवस साध्या दराने करून घ्यायचे असतील, तर त्या विभागातल्या कामगारांचं गुप्त मतदान व्हावं लागतं आणि दोन तृतीयांश जणांनी होकार द्यावा लागतो. आमच्याकडे असं काही कधीच झालं नव्हतं.

मालक पूर्वी न्यू जर्सीत दुकान चालवायचे. तिथे चाळीस तासांनंतरच दीडपट, 1938 च्या केंद्रीय कायद्यातही तेच. माझी मावसबहीण ह्यूस्टनला अशाच चार लांब शिफ्ट करते. तिला जादा पैसे मिळत नाहीत आणि तिथल्या नियमाने ते बरोबर आहे. म्हणजे माणूस तोच, काम तेच, पण राज्य बदललं की पगाराची चिठ्ठी बदलते. हे मला अमेरिकेत येऊन सहा वर्षं झाली तरी कोणी सांगितलं नव्हतं.

तुम्ही विचारलंत, "तास कुठे लिहून ठेवलेस का?" मी घरून कालनिर्णय आणलं. आई दुधाचा हिशेब लिहायची तसे मी तारखेच्या चौकोनात तास लिहीत होते, ते केवळ सवय म्हणून. तुम्ही ती पानं बघितलीत आणि तुमचा चेहरा उजळला. "हे सोनं आहे," म्हणालात. मालकाची नोंद अपुरी असेल तर कामगाराची स्वतःची नोंद धरली जाते, हे तेव्हा कळलं.

मग शंभर पानी वही, लाल पेन, तीन रकाने: साधे, दीडपट, दुप्पट. माझा दर तासाला 20 डॉलर. रोज दोन तास दीडपटीने, म्हणजे तासाला 10 जादा, रोज 20 डॉलर कमी मिळालेले, आठवड्याला 80. दिवाळीआधीचा एक दिवस तेरा तासांचा होता, तो तुम्ही दोनदा लिहायला लावलात. आठ तासांचे 160, पुढच्या चार तासांचे 120, तेराव्या तासाचे 40, एकूण 320. मला मिळाले होते 260. त्याच आठवड्यात मी सातही दिवस गेले होते. सातव्या दिवशी जेमतेम सहा तास, पण सलग सातव्या दिवशी पहिल्या तासापासूनच दीडपट असते. दिवाळीचा आठवडा सोडून 49 आठवड्यांचे 3,920 डॉलर झाले. तुम्ही त्याखाली दोन रेघा मारल्यात आणि उठून चहा टाकलात.

मी घाबरले होते, काकू. माझं वर्क परमिट नवऱ्याच्या व्हिसावर. तुम्ही स्पष्ट सांगितलंत की लेबर कमिशनरकडे, म्हणजे राज्याच्या कामगार आयुक्तांकडे, दावा करायला फी नाही, तीन वर्षांपर्यंतचं मागता येतं, आणि पैसे मिळण्यासाठी व्हिसाची स्थिती आड येत नाही. तक्रार केली म्हणून कामावरून काढणं बेकायदेशीर. "सही केली होतीस ना" असं कोणी म्हटलं तर तेही चालत नाही, कारण कमी पैशांवर राजी झालं तरी ओव्हरटाइमचा हक्क सुटत नाही. हे शेवटचं मी तुमच्याकडून दोनदा वदवून घेतलं.

दावा करण्याची वेळच आली नाही. आधी तुम्ही माझ्याकडून पगाराच्या नोंदी मागणारं चार ओळींचं पत्र लिहून घेतलंत. त्या 21 दिवसांत द्याव्या लागतात. विसाव्या दिवशी मालकांनी बोलावलं, नोंदी समोर ठेवल्या आणि हिशेब मान्य केला. पैसे दोन हप्त्यांत आले. आमच्या पोळ्या लाटणाऱ्या मेक्सिकन मावशींनाही मिळाले, कारण तुम्ही मला बजावलं होतंत, "एकटीचं मागू नकोस." त्यांनी चेक ॲप्रनच्या खिशात ठेवला आणि दुपारभर खिशाला हात लावून बघत होत्या.

वीस वर्षं पेरोलमध्ये काम करून निवृत्त झालेल्या बाईने शेजारणीसाठी सलग तीन संध्याकाळी दिल्या, एकदाही घड्याळाकडे न बघता. तुमचे गुडघे दुखत होते, तरी मला दारापर्यंत सोडायला येत होतात. काकू, मनापासून आभार.

तुमची वही अजून माझ्याकडेच आहे. मावशींच्या भाचीचे तास मोजायचेत, ती हॉटेलात असते आणि तिला दर महिन्याला ठरलेला बोनसही मिळतो. त्यानेही ओव्हरटाइमचा दर वाढतो म्हणालात, तेवढं नीट समजावून द्याल का? रविवारी पिठलं-भाकरी घेऊन येते.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची