पोटगीच्या वसुलीचं ओझं आईवर टाकू नका

प्रति,
मा. मंत्री, महिला व बालविकास विभाग, महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

सोलापुरात विड्या वळून घर चालवणाऱ्या बायकांना पोटगीचे वसुली अर्ज मी लिहून देते. कोर्टाने मुलांची पोटगी मंजूर केलेली असते. बाप दोन-चार महिने भरतो आणि मग बंद करतो. पुढची धावपळ आईची. वॉरंट परत येतं ते शेरा घेऊन: 'सदर इसम दिलेल्या पत्त्यावर मिळून आला नाही.' तोच इसम त्या आठवड्यात कारखान्यात पगार घेऊन गेलेला असतो! विडीची मजुरी दर हजार विड्यांमागे मिळते. तारखेच्या दिवशी बाई कोर्टात बसली की तेवढी मजुरी बुडाली. त्यात थकलेल्या रकमेसाठी वर्षाच्या आत अर्ज केला नाही, तर वॉरंट निघत नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ मधली ही अट १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्येही कायम आहे.

पोटगी थेट पगारातून कापण्याचा आदेश मालकाला देता येतो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात, कलम २० मध्ये, ती सोय आहे. पण मालकाने पैसे कापले का, आईच्या खात्यात पोचले का, हे दर महिन्याला बघणारं सरकारी टेबल कुठे आहे?

अमेरिकेत मालक पगारातून रक्कम कापून राज्याच्या वाटप केंद्राकडे पाठवतो आणि केंद्र ती आईकडे वळती करतं. ही पद्धत जरूर घ्या. पण तिथे गरिबांसाठीची रोख सरकारी मदत घेणाऱ्या आईला पोटगीचा हक्क राज्याच्या नावे करून द्यावा लागतो, आणि अनेक राज्यांत सरकार त्या मदतीपोटी पोटगी स्वतःकडे ठेवून घेतं. लेकराच्या दुधाचे पैसे तिजोरीत! आपल्याकडे हे होता कामा नये. लाडकी बहीण किंवा बालसंगोपन योजनेचे पैसे मिळतात म्हणून पोटगीतला एक रुपयाही कापू नका.

यंत्रमागावर रोखीने मजुरी घेणाऱ्या बापाचा पगार कापायचा कुठून, हा प्रश्न उरतोच. जर्मनीत बाप पैसे देत नसेल तर सरकार मुलाला आगाऊ रक्कम देतं आणि नंतर बापाकडून वसूल करतं. आपणही तेच करावं.

जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात पोटगी वसुली कक्ष उघडा. कोर्टाचा आदेश थेट तिथे जावा, थकबाकीचा हिशेब कक्षानेच ठेवावा आणि वर्ष उलटण्याआधी वसुली अर्जही त्यानेच दाखल करावा. सुरुवात सोलापूरपासून करावी, ही विनंती.

आपली,
सोलापूरची एक नागरिक